उंबरठ्याच्या आतला गुन्हा

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलं. त्या दहा दिवसांच्या बाळाने आईला फिलाडेल्फियापर्यंत नेलं, डॉक्टर केलं. परतून जेमतेम तीन-चार महिने झाले होते, तोच क्षयाने तिला गाठलं. पुणं अजून हळहळत होतं. सहाव्या दिवशी, ४ मार्चला, मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाई नावाच्या दुसऱ्या एका बावीस वर्षांच्या बाईला फर्मावलं, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं, तुरुंगात जाते.

एका आठवड्यातल्या या दोन बातम्या वरवर पाहता वेगळ्या. एक मृत्यूची, एक दाव्याची. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या आत त्या मुलीचं जे काही होतं, त्यात सरकारला बोलायचा हक्क आहे का? आणि बोलायचंच, तर कुठल्या भाषेत? उपदेशाच्या, की शिक्षेच्या?

शिक्षेची भाषा सरकारजवळ तेव्हाही होती. १८६० साली मंजूर झालेली आणि १८६२ पासून लागू झालेली इंडियन पीनल कोड हातात होती. तिच्या ३७५ व्या कलमात बलात्काराची व्याख्या होती. दहा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत तिची संमती होती की नव्हती हे पाहायचंच नाही, तो बलात्कारच, असं तिथे लिहिलेलं होतं. त्याच कलमाच्या शेवटी एक अपवाद होता. पुरुषाने स्वतःच्या बायकोशी केलेला समागम, ती दहा वर्षांखालची नसेल तर, बलात्कार नव्हे. म्हणजे दहाव्या वाढदिवसापर्यंत कायदा मुलीच्या बाजूने उभा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कायदा तिच्या दाराबाहेर.

हा आकडा आला कुठून आणि त्याने काय झालं, याची चर्चा वीसेक वर्षं फारशी कोणी केली नाही. दहा वर्षांखालच्या मुलीच्या बाजूने तक्रार करणार कोण, हाच प्रश्न होता. मुलगी करणार नाही, सासर करणार नाही. माहेरच्यांनीच तर लग्न लावलेलं. जन्माची नोंद नाही. जन्मपत्रिका असलीच तर थोरल्यांच्या पेटीत. कलम पुस्तकात होतं, घरात नव्हतं.

ते घरापर्यंत आणायचा पहिला मोठा खटाटोप एका पारशी पत्रकाराने केला. बेहरामजी मलबारी मूळचे बडोद्याचे, मुंबईत ‘इंडियन स्पेक्टेटर’ चालवणारे. ऑगस्ट १८८४ मध्ये त्यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य या दोन विषयांवर टिपणं छापली आणि ती देशभरच्या अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना, संपादकांना पाठवून दिली. व्हाइसरॉयपासून खालपर्यंत मतांचा ढीग जमला. सरकारने तो चाळला आणि १८८६ साली निर्णय दिला, की हे काम समाजाचं, कायद्याचं नाही. १८५७ चा धसका अजून पुरता ओसरला नव्हता. धर्मात हात घातला तर चटका बसतो, हे साहेबाला पाठ झालं होतं.

मलबारींचं पत्रक फिरत होतं त्याच दिवसांत मुंबईच्या एका सुशिक्षित घरावर दावा दाखल झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालेलं. त्या कधीच सासरी गेल्या नव्हत्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या पुस्तकं वाचत, शिकत मोठ्या झाल्या. दादाजींनी १८८४ मध्ये कोर्टात मागणी केली, की बायकोला नांदायला पाठवा.

‘नांदणं’ हा मराठीतला किती गोड शब्द. पोरीच्या पाठवणीला सगळा गाव तोच आशीर्वाद देतो. या खटल्यात तो कायद्याच्या कचाट्यात सापडला. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला एक दावा इथल्या हिंदू लग्नावर चढवला गेला आणि नांदणं ही कोर्टाच्या हुकमाने करून घ्यायची गोष्ट झाली. पहिल्या सुनावणीत न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. अजाण वयात लावून दिलेल्या आणि कधीच संसारात न उतरलेल्या बाईला बळाने नवऱ्याच्या हवाली करणं त्यांच्या मनाला पटेना. अपिलात मात्र हा निकाल उलटला. प्रकरण पुन्हा सुरू झालं आणि फॅरनसाहेबांचा तो हुकूम निघाला. त्याआधी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर झोंबणारी पत्रं येत होती. ती रखमाबाईंचीच होती. पुण्यात ‘केसरी’ने पिन्हींच्या निकालावर आणि या बाईच्या बंडावर तोंडसुख घेतलं. मुंबईत तिच्या बचावासाठी समिती उभी राहिली. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या.

या खटल्याने एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. लग्नात ‘संमती’ नावाचं काही असतं का, आणि असेल तर ती कोणाची? हिंदू लग्नात कन्यादान होतं. द्यायचा अधिकार बापाचा. मुलगी देण्याची वस्तू, मग तिला विचारायचं कशाला? कोर्टालाही तिला विचारायचं सुचलं ते बावीस वर्षांची झाल्यावर.

खरा भडका उडाला कलकत्त्यात. १८९० च्या उन्हाळ्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी, नवरा हरिमोहन मैती याच्यासोबतच्या रात्रीत झालेल्या इजेने मेली. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, तिशी गाठलेला प्रौढ पुरुष. खटला कलकत्ता हायकोर्टात न्यायमूर्ती विल्सन यांच्यासमोर, ज्युरीसह चालला. सरकारी वकील बलात्काराचं कलम लावू शकले नाहीत, कारण मुलगी दहा वर्षांवरची होती. अपवादाची ती एक ओळ पुरेशी ठरली. बेफिकिरीने दुसऱ्याला जबर दुखापत करण्याच्या कलमाखाली हरिमोहनला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. रस्त्यावर बेगुमान गाडी हाकून कोणाला जायबंदी करणाऱ्यालाही असंच कलम लागत असे.

यानंतर देशातल्या पन्नासाहून अधिक स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. दवाखान्यात आणलेल्या अशाच बालवधूंच्या कहाण्या त्यांनी त्यात मांडल्या होत्या. मलबारी लंडनला गेले आणि तिथल्या मोठ्या लोकांची समिती उभी करून आले. आता सरकारला गप्प बसणं जड जाऊ लागलं. ९ जानेवारी १८९१ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात कायदामंत्री सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं. मागणी साधी होती. कलम ३७५ मध्ये जिथे ‘दहा’ आहे तिथे ‘बारा’ करावं. लग्नाचं वय बदलायचं नाही, विवाह रद्द करायचा नाही, विधवेचा प्रश्न नाही. फक्त एक आकडा.

एका आकड्याने महाराष्ट्र दोन महिने पेटला. वर्तमानपत्रं, वकील, शास्त्री, प्रोफेसर, व्याख्यानमाला, सगळे याच विषयावर. विरोधाचं शास्त्र असं होतं, की मुलीला न्हाण आलं की गर्भाधान संस्कार व्हायलाच हवा. न्हाण बाराव्या वर्षाआधी आलं, तर कायदा संस्कारात आडवा येतो. डेक्कन कॉलेजच्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथ उघडून दाखवलं, की गर्भाधान पहिल्याच ऋतूत करण्याची सक्ती शास्त्रात नाही. ते पुढे ढकलण्याने काही पाप लागत नाही. त्याला टिळकांनी शास्त्राच्याच आधाराने उत्तर दिलं. चौकांत मखर सजवून, ओट्या भरून, मिरवून मुलीचं न्हाण साजरं करणाऱ्या समाजात ही अंगणातली गोष्ट आता छापखान्यात उतरली, आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या नऊ-दहा वर्षांच्या मुली परकर नेसून अंगणात खेळत होत्या.

टिळकांची बाजू इथे नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती नुसती सनातनी नव्हती. शिक्षणाने, लोकमताने सुधारणा व्हावी. परक्या सरकारने घरात शिरून ती लादू नये, हा त्यांचा मुद्दा. १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनीच सुधारकांपुढे एक यादी ठेवली. मुलीचं लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, केलं तर विधवेशी करावं, हुंडा बंद, केशवपन बंद. यावर सह्या करा आणि स्वतः पाळून दाखवा. सरकार मागत होतं बारा, टिळक म्हणत होते सोळा. फरक इतकाच, की सरकारच्या बारामागे पोलीस होता आणि टिळकांच्या सोळामागे सही.

आगरकरांना नेमका हाच फरक महत्त्वाचा वाटत होता. त्यांच्या ‘सुधारका’ने विधेयकाची बाजू घेतली. ज्याची मुलगी मेली, त्याला सहीने काय दिलासा? रानड्यांचंही मत कायद्याच्या बाजूने. पण इथे एक अवघड गोष्ट लपवता येत नाही. रानड्यांनी स्वतः १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं होतं. ते तेव्हा एकतिशीत होते. विधवाविवाहाची चळवळ चालवणारा माणूस घरात हरला होता. हा वाद घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात असं एखादं लग्न होतं. म्हणूनच वाद इतका पेटला. एरवी एका आकड्यासाठी कोण सभा उधळतो? पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली, शिव्यागाळी झाली, हातघाई झाली. कलकत्त्यात मैदानावर हजारो लोक जमले, कालीघाटला महापूजा झाली. ‘बंगवासी’ या वृत्तपत्राने सरकारवर इतकी आग ओकली, की त्याच्या मंडळींवर राजद्रोहाचा खटला चालला. १२४-अ या कलमाखालचा तो देशातला पहिला खटला. मुलीच्या रक्षणासाठी आणलेल्या कायद्याच्या वादातून राजद्रोहाच्या कलमाचा पहिला वापर झाला. ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि माफीवर प्रकरण मिटलं.

विरोधकांच्या एका भीतीत मात्र तथ्य होतं. पोलीस घरात घुसणार. शेजाऱ्याची दुश्मनी असली, की एक तक्रार ठोकून द्यायची. वय ठरवायला स्त्रीची डॉक्टरी तपासणी होणार. तेव्हाच्या फौजदाराची ख्याती पाहता ही भीती बाष्कळ नव्हती. सरकारने त्यावर तोड काढली, आणि इथेच या कायद्याचं खरं रूप दिसतं. आरोपी नवरा असेल तर पोलिसाने वॉरंटशिवाय अटक करायची नाही. इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याने तपास करायचा नाही. साध्या मॅजिस्ट्रेटला तक्रार घेता येणार नाही, ती जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनेच घ्यायची. आणि गुन्हा जामिनाचा. शिक्षा कागदावर तीच राहिली, जन्मठेप काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण त्या शिक्षेपर्यंत जाणाऱ्या वाटेवर नवऱ्यासाठी प्रत्येक वळणावर एक फाटक बांधलं गेलं. परक्या माणसाने केला तर तो पोलिसांनी ताबडतोब धरायचा गुन्हा. घरच्या माणसाने केला तर जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या सवडीचा.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झालं आणि १८९१ चा दहावा कायदा झाला. त्या मंडळात बंगालचे सर रमेशचंद्र मित्र विरोधात होते, तर पुण्याचे रावबहादूर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर विधेयकाच्या बाजूने. मग काय झालं? जवळजवळ काहीच नाही. पोलिसांचे लोंढे घरांत शिरले नाहीत. खटले इतके थोडे झाले, की ज्यांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली होती तेही कायद्याला विसरले. त्या एका आकड्यासाठी पेटलेल्या महाराष्ट्राचं राजकारण मात्र बदललं. सुधारकांना सरकारधार्जिणे म्हणायची सोय झाली. सामाजिक सुधारणा आणि राजकीय चळवळ यांच्या वाटा फुटल्या, त्या पुन्हा जुळायला फार वर्षं लागली.

ब्रिटिश सरकारला जे धाडस झालं नाही, ते एका मराठी संस्थानिकाने केलं. मलबारी जिथले, त्याच बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहप्रतिबंधक कायदा आणला. मुलीला बारा, मुलाला सोळा. त्याआधी लग्न लावलं तर दंड. इथे प्रश्न रात्रीचा नव्हता, मांडवाचाच होता, आणि म्हणून तो दिसणारा, मोजता येणारा गुन्हा होता. दंड भरून लग्न लावणारे निघाले, पुष्कळ निघाले. पण बडोद्याने एक गोष्ट ओळखली होती. उंबरठ्याच्या आत पोलीस जाणार नसेल, तर त्याला मांडवात उभं करा.

हीच अक्कल ब्रिटिश हिंदुस्थानात यायला पंचवीस वर्षं लागली. मध्यंतरी १९२५ साली कायदेमंडळाने आकडे पुन्हा हलवले. परक्यासाठी चौदा, नवऱ्यासाठी तेरा. आता संख्याही वेगळी झाली आणि शिक्षाही. बारा-तेरा वर्षांच्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. १८९१ मध्ये जो फरक फक्त वाटेतल्या फाटकांचा होता, तो आता शिक्षेच्या मोजमापातच लिहिला गेला.

१९२७ मध्ये अजमेरच्या हरबिलास सारडांनी लग्नाचंच वय ठरवणारं विधेयक मांडलं. त्यावर १९२८ साली सरकारने संमतिवय समिती नेमली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी, रामेश्वरी नेहरू सदस्य. समिती प्रांतोप्रांती हिंडली, साक्षी घेतल्या. खेड्यापाड्यांत असा काही कायदा आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं, हे तिला आढळलं. १९२९ च्या अहवालात समितीने सुचवलं, की लग्नाबाहेर संमतिवय अठरा असावं आणि लग्नाच्या आत पंधरा. आणि लग्नातल्या त्या गुन्ह्याला बलात्कार न म्हणता ‘वैवाहिक गैरवर्तन’ म्हणावं. हेतू व्यवहारी होता. बलात्काराचं नाव असलं, की ज्युरी शिक्षा करत नाही, बायको तक्रार करत नाही. पण नाव बदललं की गुन्ह्याची जातच बदलते, हे त्या शब्दाने दाखवून दिलं. समितीची ही सूचना तशीच पडून राहिली.

सारडांचं विधेयक मात्र १९२९ मध्ये कायदा झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. महाराष्ट्राने त्याला लगेच आपलंसं नाव दिलं, शारदा कायदा. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात, १८९९ पासून, पैशासाठी म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या शारदेचा प्रेक्षकांनी कंठ दाटून कैवार घेतला होता. सारडा आणि शारदा, दोन्ही नावं मराठी कानाला एकच वाटली, आणि कायदा नाटकातल्या पोरीच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

कायद्यातली शिक्षा मात्र नाटकासारखी नव्हती. मुलगी चौदाच्या आत, मुलगा अठराच्या आत असेल तर तो बालविवाह. एकविशीवरच्या नवऱ्याला, लग्न लावणाऱ्या भटजीला, आईबापाला जास्तीत जास्त एक महिन्याची साधी कैद किंवा हजार रुपये दंड. स्त्रीला कैद नाही. लागलेलं लग्न मात्र कायदेशीरच. तक्रार एका वर्षाच्या आत, आणि तक्रारदाराने शंभर रुपयांच्या जामिनाची तयारी ठेवायची. लागू होण्याआधी सहा महिने मिळाले, त्यांत देशभर पोरांची लग्नं उरकण्याची झुंबड उडाली. १९३१ च्या जनगणनेत ती फुगलेली संख्या उमटली.

यापुढची कहाणी आकड्यांची आहे, आणि ती भरभर सांगता येते, कारण तिथे वाद उरला नव्हता. १९४९ साली परक्यासाठी सोळा, नवऱ्यासाठी पंधरा. १९७८ साली लग्नाचं वय मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने शिक्षा दोन वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड अशी केली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल म्हटलं. २०१३ मध्ये दंडसंहितेतही संमतिवय अठरा झालं. फक्त एक ओळ हलली नाही. नवऱ्यासाठीचा तो पंधरा आकडा. म्हणजे पंधरा ते अठरा वयाच्या मुलीशी संबंध ठेवणारा कोणीही पुरुष गुन्हेगार, पण तिच्या गळ्यात मंगळसूत्र असेल तर नाही. आणि ते मंगळसूत्र ज्या लग्नात बांधलं, ते लग्न लावणं हाही गुन्हाच.

या गाठीवर ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी ‘इंडिपेंडंट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, की अपवादातला पंधरा हा आकडा अठरा असाच वाचायचा. मुलगी विवाहित आहे म्हणून ती मूल राहत नाही, असं होत नाही. १८६० पासून २०१७ पर्यंत, दहावरून अठरावर यायला एकशे सत्तावन्न वर्षं लागली.

रखमाबाईंनी यातलं बरंच पाहिलं. सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवलं आणि सप्टेंबर १९५५ मध्ये मुंबईत त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला होता. त्यात लग्नाचं वय होतं, घटस्फोट होता. आणि नवव्या कलमात तो जुना दावाही होता, नांदायला पाठवण्याचा. तुरुंगाची धमकी तोवर निघून गेली होती, दावा राहिला होता. आजही आहे.

२०२४ च्या जुलैपासून इंडियन पीनल कोडची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नवं नाव, नवे क्रमांक. बलात्काराच्या कलमाच्या शेवटी तो अपवाद अजून आहे. स्वतःच्या बायकोशी, ती अठरा वर्षांखालची नसेल तर, केलेला समागम बलात्कार नव्हे. वाक्याची रचना १८६० चीच आहे. ‘दहा’ होतं तिथे ‘अठरा’ आहे. उंबरठा आहे तिथेच आहे.